नोंदीबाहेरचा डबा

३ फेब्रुवारी

धाकटे,

बापूची तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पूर्णांक नऊ आली आहे. तू लेकीकडे निघून गेलीस तेव्हा सात पूर्णांक सहा होती. अठ्ठावीस एप्रिलला त्याला डेपोच्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं आहे. आकडा आठच्या वर दिसला तर त्याच्या हातातून बस काढून घेतील. म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण नाही.

फोन तू उचलत नाहीस. तुझी लेक उचलते आणि ‘आई आंघोळीला गेलीय’ म्हणते. दिवसातून चार वेळा आंघोळ करणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. पत्राला मात्र असं टाळता येत नाही. ते टेबलावर पडून राहतं.

बस काढून घेतली तर काय होईल ते तुला सांगायला नको. फाटकाजवळच्या खोलीत बसवतील आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला लावतील. सत्तावीस वर्षं ज्यानं चाक धरलं, तो दुसऱ्यांच्या गाड्या मोजत बसेल. निवृत्तीला चार वर्षं आहेत. तेवढी तो त्या खुर्चीत काढेल असं मला वाटत नाही. काल जेवताना म्हणाला, “ताई, फाटकावर बसवलं तर मी आजारी पडेन.” मी म्हटलं, “तू आजारीच आहेस.” हसला. पण जेवला नाही.

आता मुद्द्याचं. गोळ्या वेळेवर चालू आहेत. घरात साखरेचा कण नाही. भात वाटीनं, पाव दोन तुकडे, बटाटा रविवारीच. सोबत माझ्या नोंदवहीची नक्कल जोडली आहे. तू होतीस तेव्हा घरात महिन्याला चार लिटर तेल लागत होतं. आता दोन लिटर लागतं. सरळ निम्मं. पस्तीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेचं भांडार सांभाळलं, एका परीक्षानळीची नोंद चुकली नाही. तेव्हा आकड्यांवर शंका घेऊ नकोस.

तेल निम्मं झालं आणि साखर वाढली. वजनही चार किलोंनी वाढलं. हे मला उमगत नाही. याचा अर्थ तू त्याच्या जेवणात असं काहीतरी करत होतीस, जे मला माहीत नाही. काही दाणे भिजवून देत होतीस का? कसला पाला? जे असेल ते लिहून पाठव. जाताना तू काहीही सांगून गेली नाहीस, काहीही ठेवून गेली नाहीस.

मी नणंद, तू भावजय. आपल्यात गोडवा कधी नव्हता आणि त्यावाचून अडलंही नाही. सप्टेंबरात जे बोलले ते बोलले. तो विषय आत्ता नको. आत्ता बापूचा विषय आहे.

उलट टपाली उत्तर पाठव.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पाकीट मिळालं. जाड होतं म्हणून मी बसून उघडलं. आत काय, तर माझ्याच वहीची नक्कल परत! ‘दोन लिटर’भोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ आणि शेजारी दोन शब्द. ‘आणि डबा?’

घरात लहानमोठे एकवीस डबे आहेत. कोड्यात बोलायची ही वेळ नव्हे.

मी माझ्या परीनं कसोशी वाढवली आहे. भात अर्धी वाटी केला. फळ बंद केलं. जेवण झाल्यावर बरोबर दोन तासांनी बोट टोचून साखर बघते, घड्याळ समोर ठेवून. आकडे सोबत लिहिले आहेत. बघ, एकही वाईट नाही. दीडशे, एकशे पंचेचाळीस, एकशे साठ. मग ती सरासरी एवढी येते कुठून? बापू बाहेर काही खातो असा मला संशय आला. विचारलं तर म्हणाला, “ताई, कंडक्टरला साक्षीला बोलावू का?”

कंडक्टर आपण होऊनच आला. परवा संध्याकाळी, बापू घरी नसताना. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, “मावशी, मी सांगितलं असं सांगू नका. सोमवारी सकाळच्या फेरीला बापूमास्तरांनी पुलाच्या वळणावर गाडी मधेच थांबवली. उतरले, तोंड धुतलं. मला म्हणाले, समोरचा एक दिवा दोन दिसला.”

“मग?”

“मग काय, दहा मिनिटं थांबलो. चाळीस माणसं होती आत. एकानं शिट्टी मारली, एकानं शिवी दिली. मास्तर म्हणाले, गाडी तापली. गाडी नव्हती तापली मावशी.”

बापूनं मला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, “कंडक्टरची जीभ आणि घंटी, दोन्ही सारखीच.”

हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तू घाबरणारी नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण तुला माहीत असलेली गोष्ट तू दोन शब्दांत गुंडाळून पाठवतेस आणि इथे माणूस पुलाच्या वळणावर थांबतो, हे तुझं तू ठरव.

कुठला डबा, ते स्पष्ट लिही.

ताई

ता. क. ओट्याखालचा, गाळलेल्या तेलाचा डबा म्हणत असशील, तर त्याची नोंद होत नसते. ते वापरून झालेलं तेल आहे. भांडारातून एकदा जावक लिहिली की वस्तू संपली. पुन्हा लिहिली तर ती दुबार नोंद होते.


२ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

डॉक्टरांनी आम्हाला दवाखान्यातल्या आहारवाल्या मुलीकडे पाठवलं. मुलगीच म्हणते, कारण आमच्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींपेक्षाही ती लहान असेल. मी वही नेली होती. तिनं ती नीट वाचली, हे कबूल करते. पुष्कळ जण नुसतीच चाळतात.

“तेल कोणतं?” तिनं विचारलं.

“सूर्यफूल. एक महिना शेंगदाणा. आलटून पालटून.”

“छान. लोणी?”

“नाही.”

“वनस्पती तूप?”

मी म्हटलं, नाही. बापू म्हणाला, “डिसेंबरात आणलं होतंस की, ताई. बटाटे खमंग होतात म्हणून.” मी म्हटलं, एकदाच. बापू म्हणाला, “एक किलो एकदाच.” त्या मुलीनं हसू दाबलं. मला ते दिसलं.

तिनं कागदावर दोन रकाने काढून दिले. लोणी, वनस्पती, खोलीत ठेवलं की थिजतं ते सगळं कमी किंवा बंद, कारण साखरेच्या माणसाचं हृदय आधीच जोखमीत असतं. पातळ राहतं ते बरं. मी म्हटलं, हे मला माहीत आहे, मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. ती म्हणाली, “मग हेही माहीत असेल, की चांगलं तेल आणि वाईट तेल, चमच्यातले उष्मांक दोन्हींचे सारखेच. तांदळापेक्षा वजनाला दुपटीहून जास्त.”

मी म्हटलं, “तेलात साखर नसते.”

“नसते. पण तेलकट जेवणाची साखर उशिरा चढते आणि उशिरा उतरते. तुम्ही दोन तासांनी बघता. रविवारी पाच तासांनी बघा. आणि वजन चार किलो वाढलंय ते कशानं? भात तर तुम्ही अर्धा केलात.”

मग तिनं विचारलं, “रविवारी तळता ते तेल उरतं. त्याचं पुढे काय?”

मी सांगितलं. कापडातून गाळून डब्यात. आठवडाभर भाजी-डाळीला तेच, वाया जायला नको. रविवारी त्यातच नवीन भर घालायची.

“मग हे वहीत कुठंय?”

“त्याची जावक आधीच झालेली असते. ते वापरून झालेलं तेल आहे.”

त्या मुलीनं पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, “आजी, वापरून झालेलं म्हणजे पोटात गेलेलं का?”

बापू खिडकीबाहेर बघत होता. परत येताना रस्त्यात म्हणाला, “ताई, आमच्या डेपोत इंजिनाचं तेल ठरल्या किलोमीटरला काढून टाकतात. काळं झालेलं पुन्हा भरत नाहीत. माझ्यात तू नुसती भर घालतेस.” थट्टेत म्हणाला. मी थट्टेत घेतलं नाही.

काल रविवार होता. मी रात्रीच्या जेवणाला नेहमीसारखेच बटाटे तळले, मुद्दाम. दोन तासांनी एकशे बावन्न. पाच तासांनी दोनशे एकतीस. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या बोटावर बघितलं. दोनशे अठ्ठावीस.

म्हणजे सोमवारी पहाटे तो बसमध्ये चढत होता तो हा आकडा अंगात घेऊन.

तुझा डबा कुठला, ते कळलं. पण एक अजून जुळत नाही. डबा तू होतीस तेव्हाही होता. तेव्हाही दर रविवारी मीच तळत होते. तेव्हा त्याची साखर सात सहा होती. मग?

ताई


१० मार्च

धाकटे,

काल सोमवार असून वाचनालय बंद होतं, म्हणून मी घरीच होते. दुपारी दारावर थाप पडली. खांद्यावर पिशवी, हाताला सोड्याचा वास, पाय थोडा ओढत चालणारी बाई. साबणवाली. ही बाई मी जन्मात पाहिली नव्हती आणि तिला आपल्या ओट्याची जागासुद्धा माहीत होती.

“बाई आहेत का? धाकट्या?”

“त्या गावाला गेल्या आहेत. काय काम आहे?”

“सहा महिने झाले, तेल नाही माझं. म्हटलं, बाई आजारी पडल्या की काय, बघून यावं.”

“कसलं तेल?”

ती म्हणाली, “तुम्ही थोरल्या का? तुम्ही सोमवारी वाचनालयात असता ना?”

“असते. तुम्हाला कसं माहीत?”

“अहो, म्हणून तर मी सोमवारी यायची!”

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं. पोटात काही राहील असली बाई ती नव्हे, आणि तिच्या मते लपवण्यासारखं काही नव्हतंच. दर सोमवारी तू तिला डबा रिकामा करून देत होतीस. रविवारच्या तळणाचं सगळं तेल. ती वजन करून घ्यायची, सहाशे ग्रॅमच्या आसपास भरायचं. तिचा साबण व्हायचा, दोन वड्या तुला मिळायच्या. मग तू डबा घासून त्यात ताजं तेल ओतायचीस, आतल्या डागापर्यंत, म्हणजे मला कळू नये. “बाई म्हणायच्या,” ती सांगत होती, “आमच्या थोरल्यांचा जीव डब्यात अडकलाय. टाकू म्हटलं तर अन्नाचा माज म्हणतात. त्यांनाही दुखवायचं नाही आणि ह्यांच्या पोटातही घालायचं नाही. मग मी काय करू, तूच सांग.”

तिला मी काय सांगणार? मी म्हटलं, “साबण चांगला होतो का?”

“बाईंच्या तेलाचा पांढरा व्हायचा. एकाच तळणाचं असायचं ना.” मग तिनं ओट्याखालून डबा काढला, झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण लावलं. “याचा नाही व्हायचा,” म्हणाली.

सप्टेंबरपासूनचा तळ मीही पाहिला नव्हता. ती गेल्यावर पाहिला. कातडीसारखा थर होता, उलथन्यानं खरवडावा लागला.

संध्याकाळी वही काढली. नवीन पान घेतलं, कारण जुन्यावर खाडाखोड मी करत नाही. लिहिलं ते तुझ्यासाठी उतरवते.

तू असताना: घरात आलेलं चार. साबणवालीला गेलेलं अडीच. पोटात गेलेलं दीड, तिघांत. माणशी अर्धा लिटर.

तू गेल्यावर: घरात आलेलं दोन. बाहेर गेलेलं काही नाही. पोटात गेलेलं दोन, दोघांत. माणशी एक लिटर.

डिसेंबरातलं वनस्पती यात धरलेलंच नाही.

वहीत निम्मं झालं, पोटात दुप्पट झालं. आणि त्या निम्म्याची नक्कल मी तुला मोठ्या रुबाबात पाठवली होती.

आता सप्टेंबरचा विषय काढायलाच हवा. मीच नको म्हटलं होतं, मीच काढते. त्या दिवशी मी ही वही जेवणाच्या टेबलावर ठेवली, बापूच्या ताटाशेजारी. म्हटलं, “चार लिटर! तीन माणसांना चार लिटर! डॉक्टर तेल कमी करा म्हणतात आणि हिचं वाढतं. चोरून तळून घालतेस तू नवऱ्याला. लाड आहेत हे, का जीवावर उठलीयस?” तू म्हणालीस, “ताई, एकदा डबा बघा.” मी म्हटलं, “विषय बदलू नकोस.”

एवढंच बोलणं झालं होतं. मला वाटत होतं, खूप झालं. आठवून लिहिलं तर चार ओळी भरतात.

डबा बघा, हे तू सप्टेंबरात सांगितलंस आणि फेब्रुवारीत पुन्हा. मला आहारवाली आणि साबणवाली अशा दोघींनी हाताला धरून न्यावं लागलं.

बापूला साबणवालीचं अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

ताई


२१ मार्च

धाकटे,

सांगितलं. पण आधी एक दुरुस्ती.

तीन फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं, की जाताना तू काही ठेवून गेली नाहीस. ते खोटं होतं. तू चिठ्ठी ठेवली होतीस. तेलाच्या लहान बाटलीखाली, चार घड्या घातलेली, वर ‘बापूंना’ लिहिलेलं. तू बाहेर पडलीस आणि पंधरा मिनिटांत ती माझ्या हाती आली. दुसऱ्याचं पत्र मी उघडत नाही. ते दुसऱ्याला द्यायचंही नाही, हे मात्र मी त्या दिवशी ठरवलं. वहीच्या पुठ्ठ्याला मागे कप्पा आहे, त्यात ठेवली. बापूनं विचारलं होतं, “काही बोलली का? काही ठेवलंय का?” मी नाही म्हटलं. त्यानं दोनदा विचारलं होतं. मी दोनदा नाही म्हटलं.

साबणवाली येऊन गेल्यापासून मला त्या कप्प्याकडे बघवेना. माझी खात्री झाली की त्यात तेलाचंच लिहिलेलं असणार. डबा रिकामा करत जा, इतके चमचे घाला, अमुक करा. म्हणजे औषधाची चिठ्ठी मी सहा महिने कप्प्यात ठेवली आणि रोग्याची नाडी बघत बसले. पुलाच्या वळणावर काही झालं असतं तर चाळीस माणसांची नोंद मी कुठल्या रकान्यात करणार होते?

काल बापू सुट्टीवर होता. दुपारी त्याला समोर बसवलं. आधी साबणवालीचं सांगितलं, मग माझा नवा हिशेब दाखवला, मग चिठ्ठी दिली. म्हटलं, “ही सप्टेंबरची. मी दिली नाही. मी उघडलेली नाही.”

तो उभा राहून वाचत होता. लहानच असावी, पण त्याला वेळ लागला. मग पुन्हा घडी घातली, होती तशी, चार.

मी म्हटलं, “तेलाचं काय लिहिलंय? किती चमचे?”

तो म्हणाला, “यात तेलाबद्दल काही नाही, ताई.”

“काहीच नाही?”

“एक शब्द नाही.”

पुढे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग आपल्याशीच म्हणाला, “त्या दिवशी मी ताटात बघत बसलो होतो. तू एवढं बोललीस आणि मी वाटीतली डाळ ढवळत होतो.” मी म्हटलं, “चूक माझी होती.” तो म्हणाला, “तुझी आहेच. तुझी तुला. माझी मी बघतो.”

मला वाटलं होतं ओरडेल. लहानपणी ओरडायचा. ओरडला असता तर बरं झालं असतं. उठून त्यानं डबा उचलला, सांडू नये म्हणून छातीशी धरला आणि साबणवालीचा पत्ता विचारून तिकडे गेला. माहीत असूनही की त्याचा साबण होत नाही. परत आल्यावर स्वतः एक अंडं उकडलं, दुधी चिरून पाण्यावर शिजवला, वरून एक चमचा तेल. मला वाढलं. मीठ विसरला होता. मी तसंच खाल्लं.

साबणवालीच्या दिवसापासूनच घरात हे चाललं आहे: ती लहान बाटली सोमवारी रेघेपर्यंत भरतो, ती रविवारपर्यंत पुरवायची. संपली तर संपली. तुझा चमचा बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेला होता; तो मी सप्टेंबरात ‘कसली ही नाटकं’ म्हणून सोडला होता, तो पुन्हा बांधला. रविवारी तळण नाही. मासा तव्यावर भाजतो. पाच तासांनी बोट टोचतो. परवा एकशे चौऱ्याहत्तर.

एप्रिलपर्यंत उतरेल की नाही, सांगता येत नाही. आहारवाली म्हणते, सरासरीला मागचे दिवसही मोजावे लागतात. मागचे दिवस माझे आहेत.

तू ये, असं मी लिहीत नाही. तो हक्क मी ठेवलेला नाही. बापू स्वतः लिहिणार आहे म्हणाला. पाच कागद फाडले आहेत. टोपलीत दिसतात.

ताई


२८ एप्रिल

धाकटे,

सकाळी साडेनऊची वेळ दिली होती, बोलावलं साडेअकराला. मी बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी दोन ड्रायव्हर होते, दोघांचाही हाच रोग. एकानं विचारलं, “आजी, तुमच्या मुलाचं काय?” मी म्हटलं, “भाऊ आहे.” तो म्हणाला, “मग घरातलं जेवण चांगलं दिसतंय, बारीक झालाय.” मी श्रेय घेतलं नाही, एवढं लिहून ठेवते.

बापू बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना. कागद माझ्या हातात दिला. मी चष्मा काढला, पुसला, घातला. सात पूर्णांक नऊ. वजन साडेतीन किलो कमी. खाली डॉक्टरांचा शेरा: चाक चालू, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

मी म्हटलं, “एका दशांशानं वाचलास.”

तो म्हणाला, “बस वळवताना आम्हाला एवढीच जागा लागते.”

मग म्हणाला, परवा तू येते आहेस. तुझी अट आहे ती त्यानं मला सांगितली: स्वयंपाकघर पूर्ण तुझं, आणि सोमवारसारखं लपवून आता काही करणार नाहीस. अट रास्त आहे. मी त्यात एक भर घालते. जे द्यायचं ते कागदावर देईन. तोंडी दिलेलं मी उद्या विसरेन आणि पुन्हा ओट्याशी येऊन उभी राहीन. माझा स्वभाव मला माहीत आहे.

कागद सोबत नाही. इथे, तुझ्या हातात देईन.

ताई


३० एप्रिल
स्वयंपाकघर देण्या-घेण्याची नोंद

देणार: थोरली. घेणार: धाकटी. साक्षीला: बापू.

१. ओट्याच्या कपाटाची किल्ली, एक. दुसरी किल्ली नाही.

२. सूर्यफुलाचं तेल, न उघडलेलं, एक लिटर. शेंगदाण्याचं, उघडलेलं, अंदाजे पाव लिटर. वनस्पती: घरात नाही.

३. काचेची लहान बाटली, रेघ असलेली, सोमवारी भरलेली. आज निम्म्याच्या वर शिल्लक.

४. चमचा, चहाचा, एक. बाटलीला दोऱ्यानं बांधलेला.

५. गाळलेल्या तेलाचा डबा: देता येत नाही. साबणवालीकडे कायमचा दिला. तिनं घासून त्यात सोडा भरला आहे.

६. नोंदवही: देत नाही. बंद केली. शेवटच्या पानावर दोन्ही हिशेब आहेत, जुना आणि खरा.

७. चिठ्ठी, चार घड्यांची, एक. एकवीस मार्चच्या आदल्या दिवशी बापूला दिली. उशीर: सहा महिने.

८. परत घेतलं: सप्टेंबरात बापूसमोर काढलेला ‘चोरून’ हा शब्द. आज बापूसमोर, मोठ्यानं.

देणारीची सही केली आहे.

घेणारीची सही केली आहे. सहीखाली तिच्या अक्षरात, लाल पेन्सिलीनं:

‘क्र. ४ चुकीचा. चमचा माझाच होता. बाकी मिळालं.’